दिवाळीत फ्लॅट रिकामा आहे

प्रश्न : डॉक्टरकाकू, मी २३ वर्षांची, मूळची बार्शीची. हिंजवडीला टेस्टिंगमध्ये नोकरी करते, कर्वेनगरला पीजीत राहते. आठ महिन्यांपासून एका मुलाबरोबर आहे. तो २५ चा आहे, वाकडला दोन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. तो चांगला आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला व्हिलन कराल.

मिठी, किस इथपर्यंत मला आवडतं. त्याच्या पुढचं म्हटलं की मला हवंय की नकोय तेच कळत नाही. मागच्या महिन्यात आम्ही बरंच पुढे गेलो आणि मी एकदम दगड झाले. हातपाय गार. त्याने विचारलं, ‘ओके ना?’ मी ‘हं’ म्हटलं. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि विषय तिथेच राहिला. परत येताना बसमध्ये मला रडू आलं. का, ते आजही सांगता येत नाही.

आता दिवाळीत त्याचे रूममेट गावी जाणार, फ्लॅट चार दिवस रिकामा. ‘तू एक दिवस उशिरा गेलीस तर चालेल का?’ एवढंच तो म्हणालाय. माझी रूममेट म्हणते, आठ महिने झाले आणि अजून काहीच नाही? तुझ्यात काहीतरी प्रॉब्लेम आहे. नाही म्हटलं तर तो जाईल का? हो म्हटलं तर नंतर माझी किंमत राहील का? पहिल्या वेळी रक्त आलं नाही तर त्याला काय वाटेल? आणि ‘काही झालं’ तर? नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाही. त्यालाही व्हिलन करत नाही. ‘ओके ना?’ एवढं तरी विचारणारा मुलगा आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकींना तेवढंही कोणी विचारलं नाही.

तुझ्या पत्रात तुझे स्वतःचे चार प्रश्न आहेत आणि चारही दुसरीकडे बघतात : तो जाईल का, त्याला काय वाटेल, किंमत राहील का, काही झालं तर. स्वतःबद्दलचं वाक्य एकच आहे, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह नाही : ‘हवंय की नकोय तेच कळत नाही.’ तू ते अडचण म्हणून लिहिलंस. मी ते उत्तर म्हणून वाचलं. ‘अजून माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, आणि ते आहे तसं त्याला सांगता येतं. आपण एरवी ते सर्रास देतो. स्थळ बघून आल्यावर ‘कळवतो’ म्हणतो आणि चार महिने कळवत नाही. लक्ष्मी रोडवर चाळीस साड्या उलगडायला लावतो आणि ‘एक फेरी मारून येते’ म्हणून उठतो. दुकानदार घड्या घालतो, जग बुडत नाही. उपमा तितकीशी बरी नाही, तू गिऱ्हाईक नाहीस आणि तो साडीही नाही. पण एवढ्या एका बाबतीत, थोडं पुढे गेलं की शेवटपर्यंत गेलंच पाहिजे, हे कुठून आलं कोण जाणे.

आता त्या ‘हं’बद्दल. मराठीतला हा फार फसवा उच्चार आहे. आई फोनवर अर्धा तास बोलते तेव्हा आपण ‘हं’ म्हणतो. साहेबांनी शनिवारी बोलावलं तरी ‘हं’. तुझ्या त्या ‘हं’चा अर्थ तुला बसमध्ये कळला. त्याला कसा कळणार? तो चुकला असं मी म्हणत नाही, पण तो प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती. अंगावर धड कपडे नाहीत, दिवा मंद आहे, समोरचा श्वास रोखून थांबलाय, अशा वेळी ‘नाही’ म्हणायला जो धीर लागतो तो भल्याभल्यांकडे नसतो. हे बोलणं उजेडात, पायात बूट घालून करायचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं लग्न १९८१ चं. आम्ही दोघंही बीजे मेडिकलचे, नुकते डॉक्टर झालेले. ओटीपोटाच्या सगळ्या स्नायूंची लॅटिन नावं दोघांना पाठ. महाबळेश्वरला गेलो आणि तीन रात्री शेजारी शेजारी, सासरच्या पाहुण्यांसारखे झोपलो. तिसऱ्या रात्री ते म्हणाले, ‘झोप आली का?’ मी ‘हो’ म्हटलं. ते खरंच होतं, म्हणून झोपलो. पुण्याला परत आल्यावर एका रविवारी पर्वती चढताना, अर्ध्या पायऱ्यांवर दम लागल्याचं निमित्त करून ते थांबले आणि समोर सिंहगडाकडे बघत म्हणाले, ‘मला भीती वाटते तुला दुखेल.’ मी म्हटलं, ‘मलाही.’ मग आम्ही हसलो आणि वर जाऊन देवाला नमस्कार केला. लॅटिनचा उपयोग शून्य. शेजारी शेजारी चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही, हा उपयोग मोठा.

तेव्हा या रविवारी सकाळी त्याला घेऊन वेताळ टेकडीवर जा. काय बोलायचं ते आधी ठरव, कारण शब्दांची आपल्याकडे पंचाईत आहे. मराठीत एक तर शिवी किंवा पाठ्यपुस्तक. म्हणून तुम्ही मुलं ‘फिजिकल’ म्हणता आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळे अर्थ असतात. साधं सांग : ‘मला तू आवडतोस. तू जवळ आलेला आवडतोस. मिठी आणि किसच्या पुढचं मला नको आहे की नुसती भीती वाटते, हे मला कळत नाहीये. त्या दिवशी मी हं म्हटलं ते खरं नव्हतं. दिवाळीला मी ठरलेल्या एसटीनेच जाते.’ एवढं बोल आणि गप्प बस. मध्येच ‘सॉरी’ म्हणू नकोस. पुढची दहा मिनिटं त्याला बोलू दे.

‘तो जाईल का’ याचं उत्तर त्या दहा मिनिटांत सगळं मिळणार नाही, पण बरंचसं मिळेल. थोडा हिरमुसला तर हिरमुसू दे, माणूस आहे. पण ‘आठ महिने थांबलोय मी’ असा हिशेब निघाला, तर तेवढा कान देऊन ऐक. आणि कदाचित असंही होईल की तो सुटकेचा श्वास टाकेल. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांत हे मी कितीदा पाहिलंय : दोघंही दुसऱ्याला हवं असेल म्हणून निघालेले.

तुझ्या शरीराने दगड होऊन काही वाईट केलं नाही. भीती वाटली की रक्त हातापायांकडून आत ओढलं जातं, म्हणून ते गार पडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात आणि योनीत ओलावा येत नाही. अशा वेळी संबंध आले तर दुखतं, आणि एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आणखी आवळतं. म्हणून ‘एकदा डोळे मिटून करून टाक, मग सोपं जातं’ हा सल्ला मी कधीच देत नाही. उद्या तुला मनापासून हवं असेल आणि तरीही दर वेळी असंच होत असेल, तर त्यावर चांगले उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आज मात्र तुझ्या शरीराने तुझ्या जिभेच्या आधी उत्तर दिलं, इतकंच. रूममेटला सांग, बार्शीच्या ज्वारीला काढणीचा महिना असतो, मला नाही.

रक्ताचं एका दमात सांगते. योनिपटल म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. ती ताणली जाणारी पातळ कड असते, प्रत्येकीची वेगळी. पुष्कळ मुलींना पहिल्या वेळी रक्त येत नाही. काहींना थोडं येतं, ते बऱ्याचदा घाईमुळे आणि कोरडेपणामुळे. कोणी याआधी संबंध ठेवलेत की नाहीत, हे तपासून ठरवता येत नाही. तीस वर्षं टेबलापाशी उभं राहून मला ते सांगता आलं नाही, वाकडच्या मुलाला काय सांगता येणार! तपासणीच्या नावाखाली चालणारी ती दोन बोटांची चाचणी करूच नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा ठणकावलं आहे.

‘किंमत’ या शब्दाचा मला राग येतो, पण तो तुझ्यावर नाही, आपल्या गावावर आहे. १८९१ साली पुण्यात संमतिवयाच्या बिलावरून रणं माजली. मुलीचं संमतीचं वय दहाचं बारा करायचं, एवढंच ते बिल. मुंबईचे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांनी विषय लावून धरला. आगरकर आणि भांडारकर बाजूने, टिळक विरोधात. सभा झाल्या, शास्त्रार्थ झाले, वर्तमानपत्रांतून एकमेकांची सालं काढली गेली. शब्द होता ‘संमती’, आणि जिची संमती तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही. बोलणारे बहुतेक सगळे बापे होते. आज ते वय अठरा आहे, तुम्ही दोघंही त्यापुढचे आहात. त्यामुळे राजीखुशीने जवळ येण्यात तुम्ही गुन्हा करत नाही. पण ती राजीखुशी दर वेळची असते. काल हो म्हटलं म्हणून आज हो धरायचं नाही, आणि निम्म्यातून उठून कपडे घालायलाही मुभा असते. तेव्हा किंमत राहील का, हा प्रश्न तुझ्या यादीतून खोड. हो म्हटल्याने जो तुला हलकं समजेल, तो नाही म्हटल्यावर तुला भारी समजत होता असं थोडंच आहे?

आता ‘काही झालं तर’. आत्ता नको असेल तरी हे माहीत असू दे, कारण ज्यांचं ठरलेलं नसतं त्यांच्याकडेच वेळेला काही नसतं. ३१ डिसेंबरनंतरच्या आठवड्यात माझा फोन थांबत नाही. शंभर जोडप्यांनी वर्षभर कंडोम वापरला, म्हणजे माणसं एरवी जसा वापरतात तसा, कधी उशिरा, कधी ‘आज राहू दे’ म्हणत, तर साधारण तेरा जणींना दिवस जातात. दर वेळी, सुरुवातीपासून आणि नीट वापरला तर दोघींना. ‘मी वेळेवर बाहेर काढतो’ यावर विसंबणाऱ्या शंभरांत वीसजणींना. पाळीच्या तारखा मोजून ‘सेफ दिवस’ काढणं तुझ्या वयात, रात्रपाळ्या आणि अनियमित जेवणं असताना, मुळीच नको. आणि गुप्तरोग, एचआयव्ही यांपासून बचाव यातला एकटा कंडोम करतो.

कंडोम फाटला किंवा विसरला, तर तातडीची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. दुकानदार ती कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, वर आणखी आजूबाजूला बघून देईल. आपण मान वर करून घ्यायची. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. त्या महिन्याची पाळी मागेपुढे होते, त्याने घाबरायचं नाही, पण ठरल्या तारखेवर आठवडा उलटला तर लघवीची टेस्ट करायची. आणि ती दर महिन्याला घ्यायची गोळी नव्हे. नियमित संबंध असतील तर त्यासाठी दुसऱ्या गोळ्या आहेत, तांबी आहे. डॉक्टरशी बोलून निवडायचं.

दिवस राहिलेच, तर मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून गर्भपाताच्या गोळ्या आणून पीजीच्या बाथरूममध्ये घेऊ नकोस. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला, आता गर्भनिरोधक फसलं हे कारण लग्न न झालेल्या मुलीलाही लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तू सज्ञान आहेस. सही तुझी एकटीची लागते, आईवडिलांची नाही, त्या मुलाचीही नाही. तुझं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे.

डॉक्टरांबद्दल एक कबुली. आम्ही लोक पेशंटला विचारतो, ‘लग्न झालंय?’ विचारायचं असतं वेगळंच. मीही वर्षानुवर्षं असंच विचारलं. समोरची मुलगी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणायची, मी तसं लिहायची, आणि खरी तक्रार तशीच दाराबाहेर जायची. एकदा एक मुलगी दारापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, ‘मॅडम, लग्न नाही झालं, पण बाकीचं झालंय.’ तेव्हापासून मी प्रश्न बदलला. तुला कोणी तसं विचारलं तर हेच वाक्य वापर. तोंड वाकडं करणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोध, पुण्यात तोटा नाही.

आणि एक काम दिवाळीआधी करून टाक, त्याला मुलाची गरज नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूविरुद्ध लस मिळते. २०२३ पासून बाजारात आलेली स्वदेशी लस तर आपल्या पुण्यातल्याच सीरमची आहे. २६ व्या वर्षापर्यंत घेता येते. तुझ्या वयाला तीन डोस, पहिल्यानंतर दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर तिचा फायदा सगळ्यांत जास्त. म्हणजे ज्याला तुझी रूममेट ‘प्रॉब्लेम’ म्हणते, तो इथे चक्क फायद्याचा आहे.

टेकडीवर काय झालं ते कळव. छापणार नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. माझी मैत्रीण तयार आहे, मीच टाळतो. तिला मी सांगितलंय की आधी माझा अनुभव आहे. तो नाही. जमलं नाही तर काय, या विचाराने आत्ताच घाम फुटतो. मित्र म्हणतो गोळी घे.

उत्तर : (वरच्या मुलीला घाबरवू नये म्हणून सांगते, हा तो नव्हे. हा नाशिकचा आहे आणि पूर्वपरीक्षेच्या तारखेत अडकलाय.)

बाबा रे, पुरुषालाही ‘आज नको’ म्हणता येतं. आपल्याकडे हे मुलग्यांना कोणी सांगत नाही. वाड्यातल्या खोलीत चार पोरं एकमेकांना फुशारक्या मारतात आणि चौघंही खोटं बोलत असतात. तू त्यातलाच एक, फक्त तुझी थाप मैत्रिणीपर्यंत पोचली. आधी ती मागे घे. ‘मी आधी केलेलं नाही, थाप मारली’ हे सांगायला तीस सेकंद लागतील आणि घाम निम्मा उतरेल, कारण तुझी भीती परीक्षेत कॉपी पकडली जाण्याची आहे.

भीतीत ताठरता टिकत नाही, हा शरीराचा साधा हिशेब आहे. घाबरल्यावर जे अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं ते पळायच्या कामाचं; ते त्या जागेचा रक्तपुरवठा आखडतं. सकाळी उठताना ताठरता येत असेल तर यंत्रणा शाबूत आहे असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. मित्राची गोळी घेऊ नकोस. ती चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत, आणि छातीच्या दुखण्यावरच्या काही औषधांबरोबर घेतली तर रक्तदाब धोकादायक खाली येतो. व्हिडिओ बघून जे शिकलास तेही विसर. ते बघून इथे उतरणं म्हणजे मोबाइलवर पोहणं शिकून थेट टिळक टँकच्या खोल बाजूला उडी मारणं. पहिली काही वेळा अवघडलेपण, हसू, लवकर उरकणं, न जमणं, सगळं होतं. तिला माहीत असेल तर ती पण हसेल. आणि प्रिलिम झाल्यावर बघू, असं म्हणालास तरी चालेल. तुझ्या पत्रावरून मला वाटतं तुला तेच हवंय.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा आहे. बॅग धुवायला काढली तर आतल्या कप्प्यात कंडोमचं पाकीट सापडलं. हे अजून घरी कोणाला बोलले नाही. काय करू? – एक आई, सहकारनगर

उत्तर : मुलाच्या आधी वडिलांना सांगू नका. बॅग बाहेरून ओल्या फडक्याने पुसा आणि पाकीट होतं त्याच कप्प्यात ठेवा. मात्र ठेवण्यापूर्वी चष्मा लावून त्यावरची तारीख बघा. उलटून गेली असेल, तर तेवढं त्याला सांगावंच लागेल.